एका पातेल्यातले बटाटे

अंडी आणि बटाटे एकाच पातेल्यात उकडता येतात. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, माझी मलाच आली, आणि सात महिने मला तिचा भारी अभिमान होता. बटाटे खाली, त्यांच्यावर बोटभर पाणी, पाण्यात मूठभर नाही पण चिमटीपेक्षा जास्त मीठ. उकळी आली की थोडं थांबायचं आणि मग अंडी चमच्यानं अलगद सोडायची. मिठानं टरफल सोपं सुटतं आणि एखादं तडकलंच तर आतलं बाहेर सांडत नाही. स्टोव्ह एकदा पेटवायचा, पातेलं एकच घासायचं. रात्री साडेबाराला घरी येऊन पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला एवढीही सोय पुष्कळ वाटते.

मी आबाजी. सोमेश्वरनगरला साखर कारखान्यावर वॉचमन आहे. मूळ गाव निरवांगी, इंदापूर तालुक्यातलं. बापाच्या काळी आमची मेंढरं होती. बापानं आयुष्यभर राखण केली आणि मेंढरं विकून मीही राखणच करतो. फरक इतकाच, की मेंढरं निदान ओरडून काहीतरी सांगायची. फाटक काही सांगत नाही. बायको चंद्राबाई सहा वर्षांमागं काविळीनं गेली. मागे एकच लेक, सारजा. तिला माझ्या आईचं नाव ठेवलंय, त्यामुळे तिच्यावर ओरडतानासुद्धा जरा जपून ओरडावं लागतं.

सारजा बारामतीला कॉलेजात जायची आणि तिच्या डोक्यात पोलीसभरतीनं घर केलं होतं. बायकांच्या जागा निघणार, निघणार असं सगळीकडं चाललं होतं. अठ्ठ्याण्णव साली उन्हाळ्यात भरती होणार असं कळलं. त्याच्या आधीच्या दसऱ्याला माझी थोरली बहीण, साखरबाई, निरवांगीहून आली. आमच्यात भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क. तिचा नागेश ट्रॅक्टर चालवतो, ऊस ओढतो, दारूबिरू काही नाही, गरीब स्वभावाचा पोरगा. साखरबाई म्हणाली, "आबाजी, आता बोल. किती दीस वाट बघू?"

मी म्हणालो, "आक्का, एवढी भरती हुंदे. लागली तर तिचं नशीब. न्हाय लागली तर पोरगी तुझी. शबुद दिला."

सारजा तिथंच चहा गाळत होती. ती काही बोलली नाही. पोरगी गप्प बसली म्हणजे कबूल आहे, असं आमच्यात समजतात. मीही तसंच समजलो आणि आपण किती न्यायानं वागलो म्हणून स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्याच दिवशी मी बापूसाहेबांना गाठलं. बापूसाहेब आमच्या वॉचमन लोकांचे प्रमुख. पिंपळीचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशीला अजून पीळ. कारखान्याच्या कॉलनीतल्या पाच-सात पोरापोरींना ते सकाळी शाळेच्या मैदानावर पळवायचे, फुकट. त्यांनी सारजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मलाच झापलं.

"आबाजी, ही पोरगी हाय का शेवग्याची शेंग? हिला खायला घालता का न्हाय? रोज सकाळी चार अंडी, दोन मोठं बटाटं. उकडून. तेल न्हाय, तिखट न्हाय, वडा न्हाय. अंड्यानं अंग भरतं आन बटाट्यानं दम येतो. सा महिन्यांत फरक दावतो."

मी त्याच दिवशी त्यांच्याकडून कायमची चार ते बाराची पाळी मागून घेतली. सकाळी घरी असलो तरच पोरीला करून घालता येणार होतं. तिनं स्वतः स्टोव्हपुढं बसून धूर खावा आणि मग पळायला जावं, हे मला पटत नव्हतं. पळणाऱ्यानं पळावं, करणाऱ्यानं करावं.

तर तेव्हापासून सुरू झालं. साडेचारला उठायचं. डोळे उघडत नसत, हातानं चाचपून काडेपेटी शोधायची. पंप मारून स्टोव्ह पेटवायचा. सारजा तोंड धुऊन वेणी घालेपर्यंत पातेलं उकळत असे. बटाट्याची सालं गरम असतानाच निघतात, म्हणून बोटांवर फुंकर मारत सोलायचे. त्यांच्या जाड चकत्या करायच्या, तव्याला तेलाचं नुसतं बोट फिरवायचं आणि दोन्हीकडून लालसर होऊ द्यायच्या. वर जिरं आणि मिरपूड. अंड्याचे दोन भाग करून, मीठ टाकून डब्यात एका बाजूला लावायचे, चकत्या दुसऱ्या बाजूला. ती साडेपाचला डबा घेऊन जायची. दीड तास पळून, तिथंच डबा खाऊन, परस्पर एस.टी. धरून कॉलेजला. घरी यायची ती चारनंतर, तेव्हा मी ड्युटीवर. सुट्टी मला मंगळवारची. एका घरात राहून बापलेकीची गाठ पडायची ती पहाटे तासभर, मंगळवारी आणि रविवारी दुपारपर्यंत. शनिवारी तेवढी ती दुपारी लवकर यायची, पण जेवायला बस म्हटलं की म्हणायची, "डबा उशिरा खाल्लाय आबा, भूक न्हाय." आणि मला आपलं वाटायचं, चांगलाच पोटभरीचा झाला म्हणायचा डबा.

अंडी यायची निरवांगीहून. साखरबाईच्या गावरान कोंबड्या. आठवड्यातून दोनदा ती बाजरीच्या डब्यात अंडी पुरून ओळखीच्या कंडक्टरबरोबर बारामती स्टँडवर पाठवायची. सारजा ती उतरवून घ्यायची. निरोप ठरलेला: "खाऊ दे माझ्या सुनेला, जरा अंग धरू दे." बहीण माझी भोळी. ज्या अंड्यांच्या जोरावर पोरगी तिच्या हातची जायची होती, तीच अंडी ती मुलाच्या तोंडची काढून पाठवत होती. कमी पडली तर मी दुकानातली पांढरी आणायचो, पण त्यांना ती चव नाही.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी सारजाला धान्याच्या दुकानात घेऊन जायचो आणि पोती तोलायच्या काट्यावर उभी करायचो. तिची मैत्रीण प्रतिक्षा पण यायची. फिटरची पोरगी, कॉलनीतलीच, सारजाबरोबरच पळायची. दसऱ्याला सारजा बेचाळीस किलो, प्रतिक्षा चव्वेचाळीस. संक्रांतीला सारजा बेचाळीस, प्रतिक्षा सत्तेचाळीस. शिमग्याला सारजा साडेबेचाळीस आणि प्रतिक्षा एकोणपन्नास. दुकानदार हसून म्हणाला, "आबा, ही तुमची पोरगी काट्याला लाजती का काय?"

मला हसू आलं नाही. रोज चार अंडी म्हणजे थट्टा आहे काय? प्रतिक्षाचा बाप तिला काय घालत होता कोण जाणे, मी त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काय न्हाय हो, भाकरी-कालवण. आपोआप भरली." सारजाच्या पोटात जंत असतील म्हणून मी तिला औषध पाजलं. दोन अंडी वाढवली. गूळ-शेंगदाणे सुरू केले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसली गत, आणि मी तर राहायलाही सोमेश्वरलाच. कधी कधी पहाटे स्टोव्हपुढं बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि तव्याचा चटका बसून जाग यायची. तेव्हा मनात यायचं, की हे माझ्यानं होत नाही. चंद्राबाई असती तर तिला पोरीकडं बघूनच काय ते कळलं असतं. मग सारजा ओढणी खोचून पुढं व्हायची, म्हणायची, "आबा, तुमी पडा वाईच. मी करते." मी म्हणायचो, "तू पळायचं बघ." एवढंच आमचं बोलणं.

एप्रिलच्या शेवटी पुण्याला बोलावणं आलं. दिवस शनिवारचा होता. तेव्हा मला शनिवारचं काही नव्हतं, मला सगळे वार सारखेच. आदल्या दिवशी मी पाळी बदलून घेतली, पहाटे तीनलाच उठलो, आठ अंडी उकडली, चार सारजाला, चार वाटेत लागली तर. पहिल्या एस.टी.नं मी, सारजा आणि प्रतिक्षा निघालो. मैदानावर गेलो तर पोरींची ही रांग. मी सारजाच्या हातात डबा दिला. ती आणि प्रतिक्षा एका झाडाखाली गेल्या आणि थोड्या वेळानं डबा रिकामा करून आल्या. रिकामा डबा बघून मला बरं वाटलं.

प्रतिक्षाचा नंबर सकाळीच लागला. हसत हसत धावली. सारजाचा नंबर लागेपर्यंत साडेअकरा वाजले. ऊन असं, की मैदानावरची माती हलताना दिसत होती. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिली फेरी ती दुसऱ्या नंबरावर होती. मी दोरापाशी उभा होतो, मी काय काय ओरडलो ते मला आठवत नाही. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिचे पाय एकमेकांत अडकल्यासारखे झाले. पडली नाही. एक हात पोटावर धरून तशीच आली, आणि रेघ ओलांडून मातीत बसली. ओठ पांढरे पडले होते. एका पोलीसबाईनं तिच्या तोंडावर पाणी मारलं.

चार सेकंदांनी हुकली. पुढच्या चाचण्यांसाठी तिला थांबवून घेतलंच नाही, तिथूनच घरी पाठवलं.

 परतीच्या एस.टी.त सासवडच्या पुढं कुठंतरी माझ्या तोंडून निघून गेलं, "खाल्ल्यालं तुझ्या अंगी लागत न्हाय, त्याला मी तरी काय करू?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. प्रतिक्षा तिच्या पलीकडं बसली होती, ती खाली मान घालून बसली. दोघी पोरी दमल्यात, असं मला वाटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी, साखरबाई आली. येताना चोळीचा खण आणि नारळ घेऊनच आली होती. बसल्या बसल्या म्हणाली, "हरली म्हून वाईट वाटून घ्यू नगं पोरी. पळायचं काय, पोरंबाळं झाली की रोजच पळायचं असतंय." स्वतःच हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आबाजी, तारीख काढायची. जेष्ठात बार उडवू."

सारजा स्टोव्हपाशी चहा ठेवत होती. मी हो म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो, खोटं कशाला सांगू. मला फार थकवा आला होता. आता साडेचारला उठायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं आणि त्यात मला सुटल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात दारात प्रतिक्षा. हातात पेढ्यांचा पुडा. आत आली ती थेट माझ्या पायावर वाकली.

"आबा, मी लागले! यादीत नाव आलं माझं."

"औक्षवंत हो," मी म्हणालो. वाईट वाटायचं ते वाटलंच, पण पोर गुणाची. तिचं काय चुकलं?

तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. तिचे डोळे भरले होते. "आबा, तुमचं उपकार मी इसरायची न्हाय. तुमच्या अंड्यांनी लागले मी."

"माझ्या अंड्यांनी?"

"प्रतिक्षे, गप," सारजा स्टोव्हपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

पण प्रतिक्षाला राहवेना. तीन आठवडे ते तिच्या मनात साचलं असणार. "गप कशी बसू सारजे? मला झोप न्हाय. आबा, सोमवारचा, गुरवारचा, शनवारचा डबा मीच खायाची. ही म्हणायची, आबांच्या हातचं टाकवत न्हाय, तू खा. पुण्याचाबी मीच खाल्ला. मी म्हणलं तिला, आजच्या दीस तरी खा. ती आयकंना."

 साखरबाईनं पेढा तोंडाशी नेलेला तसाच खाली आणला.

"माझ्या कोंबड्यांची अंडी," ती म्हणाली, "फिटरच्या पोरीनं खाल्ली?"

मी सारजाला विचारलं, "का?"

"उपास हुतं."

"कसलं उपास?"

"सोमवार म्हादेवाचा. गुरवार दत्ताचा. शनवार मारुतीचा." ती माझ्याकडं न बघता सांगत होती. "नोकरी लागस्तवर धरीन म्हणून बोलले हुते."

"आन मारुतीचा कशापायी?"

"अंगात ताकद यावी म्हून."

मला हसावं का रडावं कळेना. ताकद यावी म्हणून उपाशी! आठवड्यातले तीन दिवस पोरगी पहाटे पळायची, तशीच कॉलेजला जायची आणि दिवस मावळल्यावर जेवायची. मी तेव्हा फाटकावर उभा. आमच्या घरात कुणी उपास धरले नव्हते. आमच्या देवाला बोकड चालतो. ही बारामतीच्या कॉलेजातली खुळं, पोथ्या वाचून आलेली.

"अगं, उपास तर उपास," मी म्हणालो. "बटाटं तरी खायाचं हुतंस! बटाटा उपासाला चालतो, हे मलासुद्धा ठावं हाय. रोज दोन बटाटं असायचं डब्यात."

आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "अंड्याच्या पाण्यात उकडल्यालं उपासाला कसं चालल, आबा?"

मी भिंतीला टेकलो. त्या कोपऱ्यात ते पातेलं उपडं घातलेलं होतं, सकाळी मीच घासलेलं. मला माझ्या अकलेची लाज वाटली.

"मला सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर तुमी उपास धरू दिलं असतं? आन धरू दिलं असतं तर दोन पातेली चढवावी लागली असती. तुमी बाराला येताय, साडेचारला उठताय. बसल्या जागी डुलक्या घेताय. त्यात आनखी कुठं सांगू?"

साखरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती वाईट बाई नाही, पण हातात आलेलं सोडणारीही नाही. "हे बघ पोरी, एवढं तीन तीन देव धरलंस, आन एकानंबी दिलं न्हाय. म्हंजे देवाचंच उत्तर आलं की. आबाजी, तू शबुद दिलाय."

"आबा," सारजा म्हणाली, "उपास कवापासनं धरलं, ते इचारा की."

"कवापासनं?"

"तुमी आत्याला शबुद दिला, त्या दिसापासनं."

आत्याच्या तोंडावर याच्याहून जास्त ती बोलली नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. दसऱ्याला ती चहा गाळत गप्प बसली होती, ते कबूल म्हणून नव्हे. बापाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिनं देवाला सांगितलं होतं. एकाला सांगून भागेल का नाही म्हणून तिघांना. माझ्या शब्दानं पोरीला उपाशी ठेवलं आणि माझ्या पातेल्यानं तिला बटाटाही खाऊ दिला नाही. आणि वर एस.टी.त मी तिलाच बोललो होतो.

"आक्का," मी म्हणालो, "मी शबुद मागं घेतो."

"काय म्हणालास?"

"नागेशला दुसरी बघ. ही पुन्यांदा पळंल."

साखरबाई उठली. "थुकल्यालं चाटतोस? सख्ख्या भनीपुढं? आय-बापाच्या माघारी मी तुला पाठीवर घिऊन मेंढरांमागं हिंडले, त्याचं हे पांग फेडलंस?" ती खूप बोलली. बोलली ते सगळं खरंच होतं, म्हणून मी खाली मान घालून ऐकलं. प्रतिक्षा कधी निघून गेली कळलं नाही. "हितनं म्होरं अंडं तर ऱ्हाऊंच दे, टरफलबी यायचं न्हाय निरवांगीसनं!" असं म्हणून तिनं खण-नारळ पिशवीत कोंबला. चहाला शिवली नाही. उंबऱ्याबाहेर गेल्यावर मात्र ती थांबली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "नागेशला मी काय सांगू रं आता?"  मग ती गेली. आमचं येणं-जाणं तिथं तुटलं. ते जोडलं जाईल का नाही ते मला आजही सांगता येत नाही.

सारजा रडत नव्हती. गार झालेला चहा तिनं मोरीत ओतला आणि म्हणाली, "पुढच्या भरतीला पळीन मी. पर उपास सोडता यायचं न्हाय, आबा. बोललेय मी. नोकरी लागस्तवर."

आता हिच्यापुढं डोकं फोडावं का काय! पण माझ्या आईचं नाव तिचं, हट्टही तिचाच.  मग मला आठवलं, मी लहानपणी तापानं फणफणलो होतो तेव्हा बापानं बोललेला नवस माझ्या आईनं फेडला होता. घरातल्या एकाचं दुसऱ्यानं फेडलेलं देव चालवून घेतो.

"सोमवार, गुरवार, शनवार," मी म्हणालो, "तिन्ही वार आजपासनं माझं. तुझं तू देवाला सांग, बापाच्या नावावर केलं म्हून."

"तुमाला न्हाय जमायचं. न्याहारीला वाईच उशीर झाला तर घर डोक्यावर घेताय."

"जमंल न जमंल. तू खायाचं. मला कबूल कर."

 तिनं देव्हाऱ्यापाशी जाऊन हात जोडले. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. साडेचारला उठून मी दुकानातली पांढरी अंडी उकडली. तिला पुढ्यात बसवून खायला लावलं. पहिलं अंडं तिनं दोनदा उचलून परत ठेवलं. चोरी केल्यासारखं तोंड झालं होतं. मी म्हणालो, "मारुतीनं ताकद द्यायची तर ती कशात घालून देणार? खा." तिनं चारही खाल्ली, बटाटेही खाल्ले. ती म्हणाली, "तुमच्यापुरतं दोन बटाटं येगळ्या भांड्यात उकडू का?" मी नको म्हणालो. तिनं सात महिने कोरडे काढले होते. मी एक दिवस तरी कोरडा काढणार होतो.

दहा वाजेपर्यंत काही वाटलं नाही. बाराला कपाळ दुखायला लागलं. तीनला ड्युटीचे कपडे घालताना पट्टा एक भोक आत गेला असं मला उगाच वाटलं. चारला फाटकावर उभा राहिलो. हंगामाचे शेवटचे दिवस, बैलगाड्या तुरळक, पण ऊन तेच. गाडीवानानं दिलेली चिठ्ठी वाचताना अक्षरं हलायला लागली.  मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो. आणि मी तर नुसता उभा होतो. सावली होती, शेजारी स्टूल होतं.

पाचच्या सुमारास बापूसाहेब मोटारसायकलवरून आले. लांबूनच हात करत आले. गाडी उभी करून माझ्या पाठीवर थाप मारली, मी पडता पडता राहिलो.

"आबाजी! सारजानं आज मला म्हणलं, पुण्यागत भर उन्हात पळवा. साडेअकराला पळवली. घड्याळ दोनदा बघितलं मी. त्या दिसापरीस नऊ सेकंद आधी आली! नऊ! काय घातलंत खायाला?"

"अंडी," मी म्हणालो. "बटाटं."

"ते तर रोजचंच की."

 चार सेकंद कमी पडले होते. नऊ सेकंद तिच्याकडं होते. ते घरात होते, माझ्या हातात होते, रोज पहाटे मी ते डब्यात भरून दिले होते आणि त्याच हातानं नासवले होते. मी स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. चांगलंच रडू आलं, गाडीवानांच्या देखत, टोपी हातात धरून.

बापूसाहेब घाबरले. "अहो, रडताय काय? आनंदाची गोष्ट हाय. पाणी आणू? च्या सांगू? काय खाल्लंय का न्हाय आज?"

"उपास हाय," मी म्हणालो.

"उपास? तुमाला?" ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले आणि फाटकाचा गज धरून माझ्या जागी उभे राहिले. पुढची गाडी त्यांनी आत घेतली. दिवस मावळायला अजून दोन तास होते आणि मला फार भूक लागली होती.